कंसातलं नाव

मढवी वकिलांच्या टेबलाला पाय तीन,
चौथा म्हणजे जुन्या नोटिशींचा गठ्ठा.
बेलापूर कोर्टाच्या फाटकाबाहेर, ताडपत्रीखाली,
दुपारी पक्षकार नसला की ते मला
एका रोमन माणसाबद्दल सांगत,
करावे गावातल्या आपल्या भावकीबद्दल सांगावं तसं.

"आडनाव माहीत नाही त्याचं.
बापाचं नाव नाही, गाव नाही, मेला कधी तेही नाही.
एक नाव तेवढं उरलंय, आणि तिकडे ते
दर तिसऱ्या पोराचं असायचं.
आपल्या आळीत 'अरे बाळ्या' म्हटलं
की सात जण वळतात ना, तसं."

कोर्टात कधी उभा राहिला की नाही, कुणास ठाऊक.
बहुधा शिकवायचा, लांबच्या कुठल्याशा प्रांतात.
राजधानीतल्या बड्या वकिलांनी
तो जिवंत असताना त्याचा एक दाखला दिला नाही.
त्यानं आपली वही लिहिली, चार भागांची:
माणसं, वस्तू, दावे.
एवढ्यात सगळं बसतं म्हणाला.
सर चहाच्या ओल्या कड्यातून
बोटानं तीन रेघा ओढत.
सुंदराबाई, एकोणीस गुंठे, तारीख.

मेल्यावर अडीचशे वर्षांनी बादशहाचा हुकूम निघाला,
या पाच जणांचं म्हणणं कोर्टात चालेल.
पाचांत हा.
"पेन्शन मंजूर, पेन्शनर मयत,"
सर म्हणत, आणि स्वतःच खोकेपर्यंत हसत.

पुढे कातड्यावरची ती वही कुणी खरवडली,
वर एका साधूची पत्रं उतरवली.
हजारेक वर्षं हा पत्रांखाली पडून.
मग कुणीतरी पान उजेडाला तिरकं धरलं.
वाचायला औषध लावलं,
त्या औषधानं काही पानं कायमची काळी पडली.

इथे सर ट्रंक उघडत.
दिवाळे गावच्या सुंदराबाई तांडेलचा सातबारा.
नावाभोवती कंस, बाजूला फेरफाराचा नंबर,
खाली महामंडळ.
"आपल्याकडे खरवडत नाहीत, बघ. कंस करतात.
नाव दिसत राहतं,
फक्त त्याला काही विचारायचं नाही."

सरांनी बाईला तिच्या बाजूचा मुद्दा समजावला.
पाणी जी माती इतकी हळू आणतं
की कुठल्या घटकेला किती आली सांगता येत नाही,
ती ज्याच्या बांधाला लागली त्याची.
रोमन माणूस सांगून गेलाय.
बाई पाटीतले बोंबील झाकत म्हणाली,
"ह्या तं माजी सासूस पन सांगाची.
त्यो कोन, कोली व्हता का?"

आणखी एक कलम सरांना फार आवडायचं.
दुसऱ्याच्या कातड्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलंत
तरी अक्षरं कातड्याच्या मालकाची.
दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलंत, घर जमिनीचं.
मग ते मान वर करून
समोरचे काचेचे चोवीस मजले मोजत,
अकराव्याला चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

साहेब सभ्य होते. म्हणाले,
"मढवी, हे रोम नाही."
"माहीत आहे साहेब. तिकडे नदी होती.
इकडे खाडी आहे, दिवसातून दोनदा येते."
दावा खर्चासह फेटाळला.
खर्च सरांनी भरला, बाईला कळू न देता;
तिनं तीन महिने कोलीम पाठवलं, कशाबद्दल ते न सांगता.

आता टेबल माझं आहे. गठ्ठा तोच.
अपील दाखल करताना खिडकीतल्या कारकुनानं
दाखल्यांच्या यादीवर बोट ठेवलं.
"या लेखकाचं पूर्ण नाव?"
"एवढंच."
"आडनाव लिहा मॅडम, रकाना रिकामा चालत नाही."

पेन टेकवलं. मढवी लिहून टाकावं असं
अगदी मनात आलं होतं.
मागे सुंदराबाई उभी, पाटी कमरेला,
विचारत होती किती वेळ लागेल,
भरती लागायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.